किल्ली शेवटी द्यायची

गेल्या वर्षी आमच्या कंपनीचा डेटाबेस खासगी क्लाउड नेटवर्कमध्ये हलवायचं काम माझ्याकडे आलं. डेटाबेस कॅसान्ड्रा. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो लिहिला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात माहिती एकाच सर्व्हरवर नसते. प्रत्येक नोंदीच्या प्रती अनेक सर्व्हरवर असतात. आमच्याकडे तीन.

ग्राहकांच्या ऑर्डरी चालू असताना सर्व्हर बंद करणं शक्य नव्हतं. म्हणून नव्या नेटवर्कमध्ये सहा नवे सर्व्हर उभे केले आणि त्याच डेटाबेसचं दुसरं डेटा सेंटर म्हणून जोडले. नव्या नोंदी दोन्हीकडे जाऊ लागल्या. जुन्या मात्र आपोआप येत नाहीत. त्या ‘रीबिल्ड’ची आज्ञा देऊन आणाव्या लागतात.

रात्री दोन वाजता, विद्यानगरच्या घरी, स्क्रीनवर सगळे सर्व्हर चालू दिसत होते. ॲप नव्या बाजूला वळवण्याआधी सहज एक जुना ग्राहक शोधला. एरर नाही, पण नोंदही नाही! रीबिल्ड मध्येच तुटलं होतं. तसंच वळवलं असतं, तर सकाळी कित्येकांची खाती रिकामी दिसली असती.

रीबिल्ड पुन्हा चालवलं, नोंदी ताडून पाहिल्या, मगच ॲप वळवलं. जुने सर्व्हर आणखी आठवडाभर ठेवले.

आईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “भाड्याचं घर सोडताना मी काय करायचे? प्रत्येक कपाट उघडून बघायचे. किल्ली शेवटी.”