तापीकाठचा पिंगळा

गेल्या पौषात काही कामानिमित्त बऱ्हाणपूरला जाण्याचा योग आला. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने गेले की लालबागेत बऱ्हाणपूरचे स्टेशन लागते. जुने शहर तेथून थोडे दूर आहे. आमचे यजमान सिंधीपुऱ्यात राहतात. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेल्या सुफी साधुपुरुषांनी व त्यांच्या अनुयायांनी येथे वस्ती केली, त्यावरून या मोहल्ल्याला हे नाव मिळाले. आज त्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालू असतो. अशा ठिकाणी पक्षी पाहावयास मिळतील असे आम्हांला स्वप्नातही वाटले नव्हते.

परंतु यजमानांचा नातू मोठा पक्षिवेडा निघाला. वय तेरा वर्षांचे, गळ्यात जुनी दुर्बीण आणि खिशात वही. पहिल्याच रात्री तो म्हणाला, “फादर, उद्या किल्ल्यातल्या बागेत याल का? नदीवरचे पक्षी तिथून फार चांगले दिसतात.” त्याच्या आग्रहाला मान देऊन आम्ही दुसऱ्या दिवशी फाटक उघडताच शाही किल्ल्यात शिरलो.

वाचकहो, हा किल्ला म्हणजे तापीच्या कड्यावर उभा असलेला राजवाडा. १६३१ च्या जून महिन्यात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल हिचा अंत याच शहरात झाला. नदीपलीकडे झैनाबादेत आहुखाना नावाचे शाही उपवन आहे. आग्र्यास नेण्यापूर्वी तिचा देह तेथे ठेवला होता. आता राजवाड्याच्या पडक्या भिंतींवर पारव्यांचे राज्य आहे. त्यांच्या भोवतीच्या बागेत लोक सकाळचे फिरावयास येतात.

कठड्याशी उभे राहून आम्ही खाली पाहिले. पाण्यावर धुके तरंगत होते. एका खडकावर पाणकावळा पंख पसरून उन्हाची वाट पाहत बसला होता. काळापांढरा कवड्या खंड्या एकाच जागी हवेत फडफडत थांबे आणि दगडासारखा पाण्यात पडे. वाळूवर शेपटी हालवीत धोबी धावत होते. पलीकडच्या काठाला केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी दिसली. उन्हाळ्यात लडाख-तिबेटाकडच्या उंच सरोवरांवर वीण करून हे पक्षी हिवाळ्यापुरते आपल्या नद्यांवर येतात. मुलगा प्रत्येकाचे नाव, संख्या व वेळ वहीत टिपीत होता.

इतक्यात भिंतीच्या एका भगदाडात आम्हांला घुबडाचे लहानसे तोंड दिसले. गोल डोके, पिवळे डोळे. आमचे काळीज धडधडले.

त्याचे कारण सांगावयास हवे. सातपुड्याच्या रानांत रानपिंगळा नावाचा एक अतिशय दुर्मिळ पक्षी आहे. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. हेच ह्यूम पुढे राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक झाले. १८८० नंतर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले आणि १८८४ नंतर तो जणू अदृश्यच झाला. तब्बल ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो तापीच्या खोऱ्यातच, शहाद्याजवळ, पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात आणि मध्य प्रदेशाच्या दक्षिणेकडील सागवानी रानांतही त्याचा पत्ता लागला. मग तो बऱ्हाणपुरात का नसावा?

“बाळा, रानपिंगळा लिही,” आम्ही म्हणालो. खरे सांगावयाचे तर आमच्या डोळ्यांपुढे पक्षी नव्हता, या पानावरचा हा लेख होता.

मुलाने दुर्बीण लावली आणि बराच वेळ पाहिले. मग ती आमच्या हाती देत तो नम्रपणे म्हणाला, “फादर, डोक्यावर बघा. ठिपके किती आहेत! रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, पंखांवरचे पट्टे रुंद असतात. हा आपला साधा पिंगळा आहे.”

ठिपके आम्हांलाही दिसत होते. तरीही आम्ही म्हणालो, “असेल, पण इतक्या लांबून कोण तपासायला येणार आहे?”

मुलाने नदीच्या खालच्या अंगाला बोट केले. “खाली सुरतेकडे मांडवी आहे ना, तिथंही एकानं असंच लिहिलं होतं.”

ती हकिकत आम्हांला ठाऊक नव्हती. परतताना त्याने सांगितली. कर्नल माइनर्ट्‌झहागेन नावाच्या नामांकित इंग्रज पक्षिज्ञाने १९१४ साली तापीकाठच्या मांडवीत रानपिंगळा मिळविल्याचा दावा केला होता. वस्तुतः तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, त्यात नव्याने पेंढा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. मोठ्या माणसाचा शब्द म्हणून जगाने तो मानला आणि शोध घेणाऱ्यांची दिशा चुकत राहिली. रासमुसेनबाईंनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूस सारली व डेव्हिडसनच्या प्रामाणिक नोंदींचा माग धरला, तेव्हा कोठे पक्षी सापडला.

आम्ही निरुत्तर झालो. एकाच नदीच्या काठी एका खोट्या चिठ्ठीने पाऊण शतकाहून अधिक काळ लोकांना चकविले आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या टिपणाने अखेर वाट दाखविली. त्यात आणखी एका खोट्याची भर आम्ही, तेही एका मुलाच्या हातून, घालावयास निघालो होतो! इतरांना सत्याचा उपदेश करणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांनी अशा वेळी मान खाली घालावी हेच बरे.

“बाळा, आमची चूक झाली,” असे आम्ही सिंधीपुऱ्याच्या वाटेवर त्याला सांगितले. तो लाजला आणि आम्हांला वही दाखविली. तीत स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: पिंगळा, एक, किल्ल्याची भिंत, सकाळी साडेसात. खाली त्याने आमचेही नाव घातले होते, सोबती म्हणून.