सोन्याची रात्र दुपारी उगवते

जुन्नर,
मार्गशीर्षातला गुरुवार

चि. सौ. छकुलीस,


परवा फोनवर तू रडत होतीस आणि मागे तुझा सोन्या ओरडत होता, त्यामुळे निम्मं बोलणं राहूनच गेलं. जे झालं तेही तुझ्या लक्षात राहिलं नसेल. रात्र-रात्र जागणाऱ्या बाईच्या डोक्यात काय राहणार? म्हणून कागदावर लिहिते. जावईबापूंना आणि सासूबाईंना वाचून दाखव. शेवटचं तुझ्याबद्दलचं तेवढं तुझ्यापुरतं ठेव.

आधी सोन्याच्या त्या पुण्याच्या रिपोर्टचं. स्मिथ-मॅगेनिस हे नाव ऐकून तुझी सासू म्हणाली, हा कुठला गोऱ्यांचा आजार आमच्या घरात आला. आजार गोऱ्यांचा नाही, नाव दोन बायकांचं आहे. अ‍ॅन स्मिथ ही जनुकीय समुपदेशक आणि एलन मॅगेनिस ही गुणसूत्रं तपासणारी डॉक्टर. अमेरिकेत १९८२ मध्ये अशा दोन मुलांची पहिली नोंद झाली, १९८६ मध्ये आणखी मुलं मिळून चित्र स्पष्ट झालं. सतराव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा या मुलांमध्ये नसतो. त्या तुकड्यात आरएआय-१ नावाचं जनुक असतं, आणि बहुतेक सगळा गोंधळ त्याच्या नसण्याने होतो. थोड्या मुलांमध्ये तुकडा जागेवर असतो, पण त्या जनुकातच बिघाड असतो. पंधरा ते पंचवीस हजार जन्मांमागे असं एक मूल होतं असं डॉक्टर धरतात. आपले जुन्नर-आंबेगाव मिळून सहा लाखांवर माणसं आहेत. हिशोबाने या दोन तालुक्यांत सोन्यासारखे पंचवीस ते चाळीस जण निघायला हवेत. ते कुठे असतील? कुणी ‘व्रात्य’ म्हणून मार खात असेल, कुणाला ‘बाहेरचं’ म्हणून देवऋष्याकडे नेत असतील, कुणाची शाळा तिसरीतच सुटली असेल. तुझ्या हातात निदान कागद तरी आहे.

आणि ग्रहणात भाजी चिरलीस, पोटुशी असताना अमुक खाल्लंस, हे जे तुझ्या कानावर येतं, ते सोड. हा तुकडा बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होतानाच आपोआप गळतो. हा दोष आईत नसतो, बापात नसतो. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तुम्हा दोघांची गुणसूत्रं एकदा तपासून घ्या म्हणतात ते याचसाठी, की फार क्वचित एखाद्या घरात वेगळं निघतं. एरवी पुन्हा असं होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी.

आता तो नखं उपटतो, त्याचं. मला ठाऊक आहे, तुला पहिल्यांदा हेच वाचायचं होतं. पण मी मुद्दाम आधी झोपेकडे जाते, कारण माझं म्हणणंच ते आहे. तुम्ही सगळे नखांशी भांडताय, आणि भांडण दुसरीकडेच आहे.

अंधार पडला की आपल्या मेंदूतून मेलाटोनिन नावाचं द्रव्य सुटतं आणि शरीराला सांगतं, रात्र झाली, आता निवा. पॅरिसच्या डॉक्टर एलेन द लिर्स्निदेर यांनी २००१ मध्ये अशा मुलांच्या रक्तातलं हे द्रव्य दिवसभर मोजलं, तर ते उलटं निघालं. पहाटे सहाच्या सुमाराला चढायला लागतं, दुपारी बाराला सर्वांत जास्त, आणि आपण ताटं वाढतो त्या वेळेला उतरलेलं. म्हणजे सोन्याची रात्र दुपारी उगवते. रात्री दोन-तीनला तो उठून डबे वाजवतो तेव्हा त्याच्या शरीराला अंधार कुणी सांगितलेलाच नसतो. आणि दुपारी शाळेत तो बाकावर डोकं आपटतो तेव्हा आतून झोपेचा लोंढा येत असतो आणि बाहेरून गुरुजी पाढे म्हणायला लावत असतात. तुला तीन रात्री झोप मिळाली नाही तर तू भांडी आपटतेस की नाही? त्याचं तर रोजचंच आहे.

म्हणून मी तुला सांगितलं होतं, एक शंभर पानी वही कर. रात्री किती वाजता उठला, दुपारी पेंगला का, शौचाला झाली का, आणि नख कधी उचकटलं. एवढंच लिही, निबंध नको. महिनाभराने वहीच बोलेल. पुण्यात विशेष मुलांच्या शाळेत माझी नोकरी झाली. तिथे स्वतःला इजा करणारी मुलं मी बऱ्याच प्रकारची पाहिली. प्रेडर-विलीची मुलगी डासाच्या चाव्याएवढी खपली महिनोन्‌महिने कोरत बसायची. स्मिथ-मॅगेनिसचं मूल मात्र आमच्याकडे एकच आलं, आणि त्याचं बोट सोन्यासारखंच. प्रत्येकाचं कारण निराळं होतं, पण वाईट रात्रीनंतरचा दिवस सगळ्यांचाच वाईट जायचा. शाळेत असो वा घरात, हे वहीशिवाय दिसत नाही.

या आजारात नखं ओढणं, मुळासकट उपटणं, साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर सुरू होतं. त्याआधी डोकं आपटणं, हात चावणं. तू म्हणालीस, ‘आधी असं नव्हतं, शाळेत घातल्यापासून लागलं’, तर शाळेला बोल लावू नकोस, वयच तसं आहे. दुसरं, यातल्या बऱ्याच मुलांच्या हातापायांच्या नसांना दुखणं कमी कळतं. आपण किंचाळू तिथे तो शांत बसून रक्त बघतो ते त्यामुळे. धीट नाही, निगरगट्ट तर नाहीच. आणि म्हणूनच ‘दुखलं की आपोआप थांबेल’ हा मामंजींचा उपाय चालणार नाही.

कडूनिंबाचा रस लावून पाहिलात, तो चाटून झाला. रात्री सासूबाई त्याच्या हातांना मोजे घालून सुतळीने बांधतात, हे ऐकून मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. रात्री तीन वाजता रक्ताची चादर बघून म्हातारी दुसरं काय करणार? तरी ते बंद करा. बांधलेला हात मोकळा झाला की दुप्पट वेगाने नखाकडे जातो, आणि सुतळीने रक्त अडतं ते वेगळंच. मोजे सैल, न बांधता, त्याला ऊब हवी असेल तर.

करायचं ते इतकं. दर दोन-तीन दिवसांनी आंघोळीनंतर, नखं मऊ असताना, कापून वर कानशीने घासून घे. कोपरा खडबडीत राहिला की बोट तिथेच जातं. नख उचकटलंच तर साबणाच्या पाण्याने धू, स्वच्छ पट्टी बांध. तंबाखू, चुना, राख काही नको. भोवती लाल होऊन ठणकायला लागलं, पू धरला, म्हणजे नखुर्डं झालं, की मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखव, घरी टाचणीने फोडू नका. पायाची नखंही तो काढतो आणि गोठ्यात अनवाणी फिरतो, तेव्हा धनुर्वाताचं तेवढं बघ. पाच वर्षांचा बूस्टर राहिला असेल तर आशाताईंना सांगून आधी घे.

जखम बांधताना तोंड कोरं ठेव. हे तुला फार जड जाणार. पण बघ, नख उचकटलं की सगळं घर धावतं, सासूबाई गूळ देतात, तू जवळ घेतेस, मामंजी ओरडतात. या मुलांना मोठ्या माणसाचं लक्ष हवं असतं, इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त, आणि ओरडणंही त्यांना लक्षच वाटतं. घर हाकारायची त्याला एक घंटा सापडली आहे. तिला गप्प करायचं तर धावणं कमी कर आणि नख शाबूत असतानाचं लक्ष वाढव. चुलीपाशी बसव, बोल, काम दे.

काम कसलं, तर मेथी निवडायचं. हसू नकोस. हातांना बारीक ओढायला, तोडायला हवं असतं, आणि मेथीत ते सगळं आहे. या दिवसांत नारायणगावच्या बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या शेकड्यावर विकल्या जातात, भाव पडला की लोक रस्त्यावर टाकून जातात, तुला काही कमी पडणार नाही. मक्याच्या कणसाचा पाला सोलू दे. वाटाणा, शेंगदाणे, चिंचोके मात्र अजिबात देऊ नकोस. या आजारात नाकात, कानात वस्तू घालायची खोड असते, आणि तुझ्या वहीत एक वाटाणा आधीच आलाय. त्याहून वाईट म्हणजे रिमोटमधले, खेळण्यातले ते गोल चपटे सेल. नाकात किंवा पोटात गेला तर काही तासांत आतून जाळतो. एकही मोकळा ठेवू नका, आणि कधी गेलाच अशी शंका आली तर सकाळची वाट बघायची नाही.

नखं ओढणं अचानक आठवडाभर वाढलं तर कान बघून घे. या मुलांचे कान वारंवार पिकतात, ऐकूही कमी येतं. कान, दात, बद्धकोष्ठ. ज्याला ‘दुखतंय’ सांगता येत नाही तो नखातून सांगतो.

झोपेचं औषध मी लिहून देणार नाही. त्याच पॅरिसच्या डॉक्टरांनी सकाळी एक बीटा-ब्लॉकर देऊन दिवसाचं मेलाटोनिन दाबलं आणि संध्याकाळी मेलाटोनिन दिलं, तेव्हा मुलांची रात्र सुधारली. पण बीटा-ब्लॉकर दमेकरी मुलाला चालत नाही, आणि सोन्याला लहानपणी धाप लागायची, हे डॉक्टरांना स्वतःहून सांग. मेडिकलमधून चुलतदिराने आणलेली गोळी देऊ नकोस. तोवर फुकटचं तेवढं करता येईल. उठल्याबरोबर अंगणात उन्हात बसव, तिथेच दूध-भाकरी दे. दिवेलागणीनंतर मोबाईल आणि टीव्ही बंद, सगळ्यांचाच. तो झोपतो त्या खोलीत मिणमिणताही दिवा नको.

आणि दार. हे मी ठळक लिहिते. तुमचं घर उसाला लागून. आता तोड सुरू आहे, तोडलेल्या फडातून बिबटे बाहेर पडतात, माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजरे रिकामे राहत नाहीत. जावईबापू लाईट रात्रीची आली की पाणी धरायला जातात आणि दार नुसतं ओढून घेतात. सोन्या तीन वाजता जागा असतो, त्याला अंधाराची भीती नाही, आणि कडी त्याच्या हाताला येते. कडी वर लावा, आजच. आतून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर. दाराला घुंगरू बांधा म्हणजे उघडलं तर कळेल. नखाने कुणी मरत नाही, छकुले.

शाळेत गुरुजींना भेट. जेवढं शिकवायचं तेवढं सकाळी, दुपारी अर्धा तास सतरंजीवर पडू द्या, असं नीट सांग. रिपोर्टची झेरॉक्स दे, नाहीतर लाड वाटतील. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवायला लाव. ही मुलं ऐकण्यापेक्षा बघून शिकतात. दिवसाची कामं चित्रांनी भिंतीवर लावली, पुढे काय ते दिसलं, की वाट बघताना होणारी तडफड कमी होते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचं काम जावईबापूंवर टाक. ते झालं की ‘निरामय’ विम्याचा अर्ज भरता येतो, लाखापर्यंतचा खर्च निघतो.

एक गोष्ट रिपोर्टात कुणी लिहिली नाही, ती मी लिहिते. सोन्या खूश झाला की दोन्ही हातांनी स्वतःला आवळून घेतो आणि थरथरतो, तुम्हाला वाटतं फिट आली. ती फिट नाही, या मुलांचा आनंद असाच दिसतो, डॉक्टरांच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. बोट जिभेला लावून भराभर पानं उलटतो, तेही त्यातलंच. जुनी पंचांगं, कॅटलॉग साठवून ठेव. पान उलटणारं बोट नखाकडे जात नाही. खरी फिट वेगळी. शुद्ध हरपते, हाकेला ओ देत नाही. तशी वाटली तर दवाखान्यात.

आता तुझ्यापुरतं. तू झोप. दुपारी शाळेत तो असतो तेव्हा तू धुणं काढतेस, ते राहू दे, पड. आळीपाळीने रात्र काढायचं जावईबापूंना मी बोलले तर त्यांना राग येईल, तरी बोलणार आहे. मामंजी म्हणतात हे बाईचंच काम, त्यांना म्हणावं मावशी येते आहे.

पौर्णिमा झाली की एसटीने येते. पंधरा दिवस रात्रीची पाळी माझी, मला तशीही म्हातारपणाने झोप नाही. मागच्या खोलीत गादी घालून ठेव, वही तिथेच असू दे. कानस आणि पट्ट्या मी आणते. कडी बसवायला सुतार मिळेना तर कळव, इथल्या ओळखीच्याला बरोबर घेऊन येईन.

सासूबाईंना नमस्कार, सोन्याला पापा.

तुझी,
मावशी