परतीचे तिकीट

आखाताकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून रात्री उशिरा किंवा पहाटे निघतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही खेडजवळच्या आमच्या गावाहून दुपारी भाड्याची गाडी करून निघालो आणि कशेडी, महाड, पेण करत रात्री दहाच्या सुमारास विमानतळावर पोहोचलो. आम्ही तिघे होतो. आम्ही नवराबायको आणि आमच्या मोठ्या आपाचा मुलगा. आम्हाला दुबईत लेकीकडे दोन आठवडे राहून तिथूनच उमराहला जायचे होते. भाचा एसी दुरुस्तीच्या कामावर रुजू व्हायला निघाला होता.

गावातून निघताना आपा दारात उभी होती. तिने आमच्या पिशवीतले कागद मोजून पाहिले आणि विचारले, "तुमच्या दोघांची परत यायची तिकिटं आहेत. माझ्या मुलाचं कुठे आहे?" आम्ही म्हणालो, "तो कामाला चाललाय आपा, त्याला एकेरीच तिकीट लागतं." तिचे समाधान झाले नाही. त्याला कारण होते. एका वर्षापूर्वी याच परतीच्या तिकिटाने तिच्या घराचे कंबरडे मोडले होते.

विमानतळावर भाच्याचा नंबर आधी लागला. काउंटरवरच्या मुलीने त्याचा पासपोर्ट आणि नोकरीचा प्रवेश परवाना पाहिला, संगणकावर काही तपासले आणि बोर्डिंग पास दिला. परतीचे नावही काढले नाही. मग आम्ही पुढे झालो. "तुमचा व्हिजिट व्हिसा आहे. परतीचं तिकीट दाखवा." आम्ही दुबई ते जेद्दा आणि जेद्दा ते मुंबई अशी दोन्ही तिकिटे पुढे केली. तिने सौदीचा व्हिसाही मागितला. तो पाहिल्यावरच आमच्या बॅगा पट्ट्यावर गेल्या. दुबईहून मुंबईलाच परत आले पाहिजे असे नसते, तिसऱ्या देशात जाणारे पुढचे तिकीटही चालते. पण त्या तिसऱ्या देशात शिरण्याचा कागद नसेल तर त्या तिकिटाला काही अर्थ उरत नाही.

भाचा हसून म्हणाला, "मामू, ज्याला तिथे राहायचंय त्याला विचारलं नाही, आणि ज्यांना परत यायचंय त्यांनाच विचारलं!"

ही तपासणी विमान कंपनी का करते, हे आम्हालाही पूर्वी कळत नसे. कारण असे की उतरल्यावर एखाद्या प्रवाशाला त्या देशाने आत घेतले नाही, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि अनेक देशांत वर दंडही होतो. म्हणून प्रत्येक देशाचे नियम कंपनीच्या संगणकावर असतात आणि पहिला दरवाजा मुंबईतच लागतो. २०२४ मध्ये दुबईने पर्यटकांची तपासणी कडक केली. तेव्हापासून परतीचे तिकीट, राहण्याचा पुरावा आणि खर्चासाठी तीन हजार दिरहम जवळ असल्याचे दाखवावे लागते, अशा बातम्या गावोगावी पोहोचल्या. आमच्या भाच्याची गोष्ट त्याच वर्षातली आहे.

भाचा नववीपर्यंत शिकला. मग मुंबईत एका उस्तादाच्या हाताखाली एसी आणि फ्रिजचे काम शिकला. हातात कसब चांगले, पण दहावीचा दाखला नाही. त्यामुळे त्याचा पासपोर्ट 'ईसीआर' प्रकारचा, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. अशा पासपोर्टवर अमिरात, सौदी, कुवेत, कतार, ओमान अशा ठरावीक देशांत कामाला जायचे तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. १९८३ च्या कायद्याने ही सोय कामगाराच्या बचावासाठी केली आहे. मालक कोण, पगार किती, करार काय, हे माणूस विमानात बसण्याआधी कोणीतरी पाहावे, एवढाच तिचा हेतू. मात्र तोच माणूस फिरायला जात असेल तर ही मंजुरी लागत नाही. त्याने व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवले की पुरे.

मुंबईतल्या एका एजंटाने नेमकी हीच फट वापरली. "मंजुरीच्या भानगडीत महिने जातात. तू व्हिजिटवर जा, कंपनी तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देईल," असे त्याने सांगितले. नव्वद हजार रुपये घेतले. त्यासाठी आपाच्या बांगड्या गहाण पडल्या. एजंटाने भाच्याला व्हिसाचा कागद, हॉटेलचे बुकिंग आणि परतीचे तिकीट दिले आणि वर एक धडा पाठ करून घेतला: "कोणी विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं. कामाचं नाव काढायचं नाही."

काउंटरवर त्या परतीच्या तिकिटाचा नंबर टाकला तर ते रद्द झालेले निघाले. पैसे न भरता दोन दिवस राखून ठेवलेली ती जागा होती. मुदत संपताच ती आपोआप सुटली आणि हातात नुसता छापील कागद राहिला. हॉटेल कुठल्या भागात आहे, हे भाच्याला सांगता आले नाही. फिरायला चाललेल्या मुलाच्या बॅगेत गेज आणि पाने निघाली. त्याला बोर्डिंग पास मिळाला नाही. पहाटे चार वाजता त्याने आम्हाला फोन केला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एजंटाचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. पैसे आजवर परत मिळालेले नाहीत.

तेव्हा गावात सगळे म्हणाले, पोराचे नशीब वाईट. आम्हालाही तसेच वाटले होते. ते विमान सुटले हे त्याचे नशीब चांगले होते, हे आम्हाला दुबईत जाऊन कळले.

दुबईतला आमचा पहिला फेरा देरा भागात झाला. खाडीच्या काठावर लाकडी गलबते ओळीने लागलेली असतात आणि त्यांच्यावर टायर, फ्रिज, गोणी चढत असतात. आम्ही दाभोळच्या खाडीवर वाढलेली माणसे, त्यामुळे ते दृश्य आम्हाला परके वाटले नाही. एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या उघड्या होडीतून पलीकडे बर दुबईला जाता येते. होडीत बसल्यावर आमच्या वाडवडिलांची आठवण झाली. त्या काळी लोक 'द्वारका' बोटीने मुंबईहून आखातात येत. ती बोट १९८२ पर्यंत चालू होती. त्याआधी 'दारा' नावाची बोट १९६१ मध्ये दुबईजवळच्या समुद्रात स्फोट होऊन बुडाली आणि दोनशेहून जास्त माणसे गेली. १९६६ पर्यंत या बंदरात रुपयाच चाले. कागदपत्रांचा बारकावा तेव्हा आजच्याइतका नसेल, पण घर सोडून येणाऱ्याचा धोका तेव्हाही होताच.

नायफ भागातल्या एका चहाच्या दुकानात आम्ही मराठीत बोलत होतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून म्हणाला, "तुम्ही रत्नागिरीकडचे का?" तो महाडजवळचा होता. पन्नाशीला आलेला, प्लंबरचे काम करणारा. तो दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आला होता. त्यालाही एजंटाने हेच सांगितले होते, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून मिळेल. त्याचे परतीचे तिकीट मात्र खरे होते, म्हणून तो सहज पोहोचला.

"पहिल्या महिन्याला थोडे पैसे दिले," तो सांगू लागला. "दुसऱ्या महिन्यात म्हणाले, व्हिसा होतोय. तिसऱ्यात मुदत संपली. परतीच्या तिकिटाची तारीखही गेली. त्यापुढे रोजचा पन्नास दिरहम दंड."

आम्ही मनात हिशेब केला. पन्नास दिरहम म्हणजे रोजचे हजारावर रुपये, महिन्याचे दीड हजार दिरहम.

"तक्रार का नाही केली, भाईजान?"

"कोणत्या तोंडाने करणार? पहिला प्रश्न हाच आला असता की तू कोणत्या कागदावर काम करतोस. मी तर फिरायला आलो होतो ना!"

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंडाची तरतूद २०२४ मध्ये झाली. पण या माणसाला तो कायदा वापरता येत नव्हता, कारण येताना त्याने स्वतःच लिहून दिलेले होते की मी पाहुणा आहे. ज्या खोट्याने दरवाजा उघडला, त्याच खोट्याने पुढे त्याचे तोंड बंद केले. २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत अमिरात सरकारने मुदत संपलेल्यांना माफी दिली. त्यात त्याचा दंड माफ झाला आणि एका दुसऱ्या कंपनीने त्याला रीतसर कामावर घेतले. "अल्हम्दुलिल्लाह, सुटलो," तो म्हणाला. "पण त्या महिन्यांत अम्मी गेली. मला जाता आलं नाही." आम्ही चहा तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिलो.

भाचा दुसऱ्यांदा कसा गेला, ते आता सांगायला हवे, कारण अशी मुले आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. या वेळी आम्ही आधी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर जाऊन एजंटाची नोंदणी पाहिली. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो. त्याची पावती मिळते. नोकरीचा प्रस्ताव लेखी आला. अमिरातीचा हा कागद अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही मिळतो. मराठी त्यात नाही, पण हिंदी आणि उर्दू आहे. भाच्याने तो उर्दूत मागून घेतला आणि आपाने स्वतः वाचला. पगार, घर, कामाचे तास, दोन वर्षांची मुदत, सगळे त्यात होते. मग प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढला. दोन वर्षांचे २७५ रुपये आणि संरक्षण दहा लाखांचे. एका दिवसाचे प्रशिक्षण झाले, प्रोटेक्टरची मंजुरी आली आणि मग कंपनीने एकेरी तिकीट पाठवले. यात काही महिने गेले, हे खरे. एजंट म्हणत होता ती 'भानगड' हीच होती.

दुबईत उतरल्यावर कंपनीची गाडी त्याला घेऊन गेली. वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स ओळखपत्राचे काम सुरू झाले. आठवड्याभराने, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही त्याला भेटायला सोनापूरला गेलो. मुहैस्ना हे त्या भागाचे खरे नाव. कामगारांनी त्याला सोनापूर केले. ओळीने इमारती, बाल्कन्यांत वाळणारे निळे डगले, खाली बसगाड्या. एका खोलीत सहा माणसे, एकावर एक पलंग. हे पाहून त्याच्या मुमानीचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "मुमानी, रडू नका. इथे मी कोण आहे, ते सगळ्यांना माहीत आहे." मग त्याने पेटी उघडून पासपोर्ट दाखवला. तो त्याच्याच ताब्यात होता. मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवू नये, असा तिथला कायदा आहे, हे त्याला प्रशिक्षणातच सांगितले होते. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा मोफत क्रमांक त्याने पलंगाच्या दांडीवर चिकटवून ठेवला होता.

खोलीतला एक बिहारी मुलगा म्हणाला, "आमच्या गावातले अजून व्हिजिटवरच येतात. लवकर होतं म्हणून." लवकर होते हे खरे. पण महाडचा तो माणूसही लवकरच आला होता.

व्हिजिट व्हिसा वाईट नाही. आम्ही स्वतः त्याच्यावर गेलो, लेकीकडे राहिलो, नातवंडांना घेऊन खाडीवर फिरलो. नोकरी शोधण्यासाठीही अमिरातीने वेगळा व्हिसा काढला आहे, पण तो पदवीधरांसाठी आहे. इरादा एक आणि कागद दुसरा, असे झाले की पुढचे सगळे फसते. पाहुण्याकडे परतीचे तिकीट मागतात, कारण पाहुणा जाणार असतो. कामगाराकडे मागत नाहीत, कारण त्याच्या राहण्याची आणि परतण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी लेखी घेतलेली असते. ज्याच्याकडे खोटे परतीचे तिकीट आहे, त्याची जबाबदारी कोणाकडेच नसते.

दोन आठवड्यांनी आम्ही जेद्दाला निघालो. दुबईच्या काउंटरवरही पुढचे तिकीट विचारले. या वेळी कागद आधीच हातात काढून ठेवले होते.

उमराह करून घरी आल्यावर आपा खजूर आणि जमजमच्या आधी मुलाचे विचारायला लागली. आम्ही तिच्यापुढे कराराची प्रत ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. मुदत संपल्यावर मायदेशी परतण्याचे भाडे मालकाने द्यायचे, असे तिथे लिहिले होते. तिने ती ओळ उर्दूत दोनदा वाचली.

"म्हणजे तिकीट आहे," ती म्हणाली.

"आहे, आपा. तारीख दोन वर्षांनंतरची आहे."

तिने तो कागद घडी घालून गहाणाच्या पावतीशेजारी ठेवला. बांगड्या सोडवायला अजून वेळ आहे. पहिल्या पगारातले पैसे मात्र आले आहेत.