ब्राउझर कशासाठी थांबतो

ब्राउझरच्या चिन्हावर क्लिक केल्यापासून पहिले पान वाचता येईपर्यंतच्या काळात संगणकात तीन निरनिराळी कामे एकामागून एक होत असतात. प्रथम ब्राउझरचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी-फाइली डिस्कवरून मेमरीत आणल्या जातात. त्यानंतर वापरणाऱ्याची स्वतःची माहिती, म्हणजे सेटिंग्ज, बुकमार्क, भेट दिलेल्या पानांचा इतिहास आणि एक्स्टेन्शन, वाचून पडद्यावर खिडकी उमटवली जाते. आणि शेवटी होमपेज किंवा मागच्या वेळी उघडे राहिलेले टॅब इंटरनेटवरून मागवले जातात. ब्राउझर सुरू व्हायला फार वेळ लागतो, या तक्रारीत या तिन्ही टप्प्यांवरचे दोष सरमिसळ होऊन येतात, आणि ते वेगळे न करताच उपाय सुरू केले तर बहुधा शेवट ‘फॉरमॅट मारून टाका’ या सल्ल्यावर होतो. तिसरा टप्पा वेगळा काढणे सर्वांत सोपे असते: होमपेज म्हणून कोरे पान ठेवावे आणि मागचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय तेवढ्यापुरती बंद करावी. असे केल्यावर कोरी खिडकी झटकन उघडली, तर ब्राउझर निर्दोष असून विलंब नेटवर्कचा किंवा त्या होमपेजचा आहे असे समजावे.

खिडकीच उशिरा येत असेल, तर पुढचा प्रश्न थंड आणि गरम सुरुवातीचा असतो. संगणक नुकताच चालू केल्यावर ब्राउझर पहिल्यांदा उघडणे ही थंड सुरुवात, आणि तो पूर्ण बंद करून लगेच पुन्हा उघडणे ही गरम सुरुवात होय. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली, मोकळी मेमरी शिल्लक असेपर्यंत, मेमरीतच धरून ठेवते, त्यामुळे गरम सुरुवातीत डिस्कचे काम जवळपास नाहीसे होते. म्हणून पहिली सुरुवात रखडत असेल आणि दुसरी चटकन होत असेल तर दोष डिस्कवरच्या वाचनाचा असतो, आणि दोन्ही सारख्याच रखडत असतील तर तो बहुधा अन्यत्र शोधावा लागतो. ही चाचणी करताना ब्राउझर खरोखर बंद झाला आहे ना, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहिले पाहिजे, कारण क्रोमसारखे ब्राउझर खिडकी मिटल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहू शकतात आणि मग गरम सुरुवात म्हणून जी मोजली जाते ती मुळी सुरुवातच नसते.

डिस्कवर इतका वेळ का जातो, हे आकड्यांनी चांगले समजते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे हवी ती जागा वाचन-शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. त्यात शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या प्रत्येक वाचनाला साधारण १२ ते १३ मिलिसेकंद लागतात. अशी डिस्क सेकंदाला शंभर विखुरलेली वाचनेही पुरी करू शकत नाही, मात्र सलग वाचायला सांगितले तर तीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास माहिती देते. पंगतीत ओळीने वाढत जाणारा वाढपी आणि कुणी या टोकाहून तर कुणी त्या टोकाहून हाक मारल्यामुळे धावणारा वाढपी यांच्यात जो फरक, तोच येथे आहे. ब्राउझरच्या सुरुवातीला दोन हजार विखुरलेली वाचने लागली, तर निव्वळ धावपळीतच वीस-पंचवीस सेकंद जातात आणि प्रोसेसर त्या वेळात जवळजवळ रिकामा बसलेला असतो. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्यामुळे तेच वाचन एक दशांश मिलिसेकंदाच्या आत होते. जुन्या संगणकात प्रोसेसर तोच ठेवून केवळ एसएसडी बसवल्यावर ब्राउझर नवा वाटू लागतो याचे कारण हेच असून, त्या खर्चाची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही युक्तीला येत नाही.

विखुरलेली वाचने कमी करण्याचा प्रयत्न ब्राउझर लिहिणाऱ्यांनीही केला आहे, आणि त्यात काही चमत्कारिक गोष्टी उघडकीस आल्या. मोझिला संस्थेतील तरास ग्लेक यांनी २०१० च्या सुमारास लिनक्सवरील फायरफॉक्सची सुरुवात तपासली, तेव्हा प्रोग्रॅमची मुख्य फाइल डिस्कवरून उलट्या दिशेने वाचली जात असल्याचे दिसले. सी++ भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये मुख्य काम सुरू होण्यापूर्वी चालणारे अनेक छोटे तुकडे असतात. जीसीसी कंपायलरच्या तेव्हाच्या रचनेनुसार ते शेवटाकडून सुरुवातीकडे चालत, आणि लिनक्स कर्नल मात्र फाइल पुढच्याच दिशेने वाचली जाणार असे गृहीत धरून पुढचा भाग आगाऊ आणून ठेवीत असे. दोघांचेही वागणे आपापल्या जागी बरोबर होते, पण एकत्र आल्यावर कर्नलची आगाऊ तयारी वाया जात होती. २०११ मधील फायरफॉक्स ४ मध्ये शेकडो सुट्या फाइली एकाच गठ्ठ्यात बांधल्या गेल्या, त्यामागेही वाचने कमी करण्याचाच हेतू होता.

सुरुवातीच्या विलंबाचे सर्वांत बोधक उदाहरण मात्र त्याआधीचे, २००९ चे आहे. ३० जून २००९ रोजी फायरफॉक्स ३.५ प्रसिद्ध झाला आणि विंडोजवरच्या काही संगणकांत तो उघडायला असह्य वेळ लागू लागला, तर बाकीच्या संगणकांत तो पूर्वीसारखाच चटकन उघडत होता. प्रोफाइल (वापरणाऱ्याच्या माहितीचा फोल्डर) नवे केले, ऍड-ऑन काढले, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, तरी फरक पडत नव्हता. दोष होता एनएसएस या लायब्ररीत, जिच्यावर ब्राउझरमधील सुरक्षित संदेशवहनाची, म्हणजे बँकेचा पासवर्ड वगैरे सांकेतिक रूपात पाठवण्याची, जबाबदारी असते. सांकेतिक किल्ली तयार करण्यासाठी कुणालाही ओळखता येणार नाही अशी यादृच्छिक संख्या लागते, आणि संगणक हे ठरावीक नियमांनी चालणारे यंत्र असल्यामुळे ही अनिश्चितता त्याला बाहेरून गोळा करावी लागते. एनएसएस ती गोळा करण्यासाठी विंडोजमधील काही फोल्डरांतल्या फाइली चाळत असे, कारण प्रत्येकाच्या संगणकावर तिथला ऐवज वेगळा असतो. या फोल्डरांत इंटरनेट एक्सप्लोररच्या तात्पुरत्या फाइलींचा फोल्डरही होता. ज्याने वर्षानुवर्षे इंटरनेट एक्सप्लोरर वापरला आणि तात्पुरत्या फाइली कधी पुसल्या नाहीत, त्याच्या डिस्कवर तिथे हजारो फाइली साठलेल्या असत, आणि फायरफॉक्स आपली खिडकी दाखवण्यापूर्वी त्या ढिगातून फिरून येत असे. एका ब्राउझरचा केरकचरा दुसऱ्या ब्राउझरची वाट अडवीत होता. जुलैच्या मध्यास आलेल्या ३.५.१ या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला.

या प्रकरणात इंटरनेट एक्सप्लोररची कॅशे, म्हणजे याच तात्पुरत्या फाइली, पुसणाऱ्यांचा फायरफॉक्स खरोखरच वेगाने उघडू लागला, आणि तो उपाय त्या दोषापुरता अचूक होता. पण ‘कॅशे साफ करा’ हा सल्ला प्रत्येक दोषावर देण्याची जी रीत आज दिसते, तिला सुरुवातीच्या विलंबाच्या बाबतीत फारसा आधार नाही. ब्राउझर उघडताना स्वतःची संपूर्ण कॅशे वाचत नाही. ती पुसल्यामुळे पुढे उघडायची पाने मात्र पुन्हा नव्याने उतरवून घ्यावी लागतात, म्हणजे तिसरा टप्पा उलट लांबतो.

थंड आणि गरम अशा दोन्ही सुरुवाती रखडत असतील, तर टास्क मॅनेजरमधील दोन आकडे एकत्र वाचावेत. ब्राउझर उघडत असताना डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर मोकळा असेल तर डिस्कची वाट पाहिली जात आहे. प्रोसेसरचा एक कोर पूर्ण व्यापलेला असेल तर खरोखरच काही काम चालू आहे. आणि दोन्ही मोकळे असूनही खिडकी येत नसेल, तर ब्राउझर बाहेरच्या कोणाच्या तरी उत्तरासाठी थांबला आहे. चार कोरांच्या प्रोसेसरवर एक कोर पूर्ण व्यापला तरी एकूण आकडा पंचवीस टक्केच दिसतो, हे ध्यानात न घेतल्यामुळे अनेकांचा येथे गोंधळ होतो.

काम चालू असल्याचे दिसले की संशय प्रोफाइलवर येतो. प्रोफाइल म्हणजे वापरणाऱ्याची सारी माहिती ठेवणारा फोल्डर, जो ब्राउझर काढून पुन्हा टाकला तरी सामान्यतः तसाच राहतो. म्हणूनच पुन्हा टाकण्याच्या उद्योगाने बहुतेक वेळा काहीही साधत नाही. जुने प्रोफाइल न मोडता शेजारी एक नवे, रिकामे प्रोफाइल काढून ब्राउझर त्यातून उघडावा: तो झटकन उघडला तर दोष जुन्या प्रोफाइलात आहे हे सिद्ध होते, आणि तोही रेंगाळला तर प्रोफाइल निर्दोष सुटते. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन बंद ठेवून उघडण्याची समस्यानिवारण पद्धतही आहे, परंतु तीत सजावटीची थीम आणि ग्राफिक्स कार्डाची मदतही बंद होत असल्यामुळे तिथे सुधारणा दिसली तरी गुन्हेगार एक्स्टेन्शनच आहे असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. एक्स्टेन्शन पुष्कळ असतील तर निम्मी बंद करून पाहावे, दोष ज्या अर्ध्यात राहील त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. सोळांतून एक शोधायला अशा चार फेऱ्या पुरतात.

एक्स्टेन्शनांचा भार पूर्वी फार मोठा असे. २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये प्रत्येक ऍड-ऑनसमोर त्याला लागणारा वेळ दाखवण्याची सोय करावी लागली होती. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ च्या आवृत्ती ५७ पासून जुन्या धाटणीची, ब्राउझरच्या अंतरंगात कुठेही हात घालू शकणारी ऍड-ऑन बंद केली आणि मर्यादित दारांतूनच काम करणारी एक्स्टेन्शन ठेवली, तेव्हापासून सुरुवातीच्या विलंबातला त्यांचा वाटा बराच घटला आहे. जुने सल्ले मात्र तसेच फिरत आहेत. टॅबांचेही तेच झाले. फायरफॉक्स १३ पासून, म्हणजे २०१२ पासून, मागच्या वेळचे टॅब पुन्हा उघडताना समोरचा टॅबच प्रत्यक्ष भरला जातो आणि बाकीचे क्लिक करेपर्यंत केवळ नावापुरते असतात. तरीही शेकडो टॅब उघडे ठेवणाऱ्याच्या प्रोफाइलात त्या सर्वांची नोंद ठेवणारी फाइल काही मेगाबाइटची होऊन बसते आणि ती प्रत्येक सुरुवातीला वाचावीच लागते.

प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही मोकळे असण्याचा तिसरा प्रकार सर्वांत चकवणारा असतो. नेहमीचा संशयित अँटिव्हायरस होय, कारण तो उघडणारी प्रत्येक फाइल अडवून तपासतो. मात्र त्याची तपासणी स्वतःच्या नावावर प्रोसेसर खर्च करते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरऐवजी त्याची ओळ वर येते. कार्यालयांतल्या नेटवर्कवर प्रॉक्सी आपोआप शोधण्याची सेटिंग चालू असेल, आणि उत्तर देणारा सर्व्हर तिथे नसेल, तर पहिल्या पानाआधी काही सेकंद केवळ उत्तर न आल्याची खात्री होण्यात जातात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याचा होम फोल्डर दूरच्या सर्व्हरवर असतो. तिथे प्रोफाइलातली प्रत्येक छोटी फाइल नेटवर्क ओलांडून येते.

मराठी मजकुराचे अक्षरजुळणीचे काम करणाऱ्यांच्या संगणकांवर यात आणखी एका कारणाची भर पडते, ते म्हणजे फॉन्ट. श्रीलिपीसारख्या संचांतले शेकडो फॉन्ट, युनिकोडपूर्व काळातले तसेच नंतरचे, तिथे एकाच वेळी स्थापित केलेले असतात, कारण जुन्या गिऱ्हाइकाची जुनी फाइल कधी उघडावी लागेल याचा नेम नसतो. कोणत्या फॉन्टमध्ये कोणती अक्षरे आहेत हे ब्राउझरला ठाऊक असावे लागते, आणि ही यादी ऑपरेटिंग सिस्टिमच्या फॉन्ट-कॅशेमधून आयती मिळाली तर क्षणात होते. पण ती कॅशे बिघडलेली असेल किंवा विंडोजची फॉन्ट-कॅशे सेवा कुणी ‘संगणक हलका करण्यासाठी’ बंद केलेली असेल, तर त्या फाइली नव्याने चाळाव्या लागतात. असे असल्यास इतर प्रोग्रॅमही, विशेषतः शब्दांचे काम करणारे, उघडताना रेंगाळतात. फॉन्टचा दोष ओळखण्याची ती चांगली खूण आहे. सर्व फॉन्ट कायम स्थापित ठेवण्यापेक्षा फॉन्ट-व्यवस्थापकातून हवे तेव्हा हवे ते चालू करणे बरे.

याहूनही खोल जायचे असेल तर विंडोजवर प्रोसेस मॉनिटर आणि लिनक्सवर एसट्रेस ही साधने आहेत, जी प्रोग्रॅमने मागितलेली प्रत्येक फाइल वेळेसह नोंदवतात. नोंदी लाखाच्या घरात जातात आणि नवखा माणूस त्यांतल्या ‘सापडली नाही’ अशा ओळी पाहून घाबरतो, वास्तविक त्या बहुतांशी निरुपद्रवी असतात. पाहायची असते ती दोन ओळींमधली मोठी पोकळी: जिथे घड्याळ दोन-तीन सेकंदांनी पुढे उडी मारते, त्याच्या अगोदरच्या ओळीत ब्राउझरने कोणाकडे काय मागितले होते हे वाचावे.

अलीकडे ब्राउझर-निर्मात्यांनी दुसरा मार्ग धरला आहे. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये २०२१ साली आलेली सोय संगणक चालू होतानाच ब्राउझरचा गाभा पार्श्वभूमीत सुरू करून ठेवते, आणि फायरफॉक्स विंडोजवर खरी खिडकी तयार होण्यापूर्वी तिचा रिकामा सांगाडा दाखवतो. सांगाडा निदान कोणाचे काही घेत नाही. पण आगाऊ सुरू करून ठेवणे हा वेळेचा हिशोब एका वहीतून दुसऱ्या वहीत मांडण्याचा प्रकार असून, चार जीबी मेमरीच्या संगणकावर त्याची किंमत इतर प्रोग्रॅमना मोजावी लागते.

एक प्रकार असा आहे की ज्यात ब्राउझरला हात लावणेच चुकीचे ठरते. तोच संगणक एके दिवशी दहा सेकंदांत आणि दुसऱ्या दिवशी मिनिटभरात ब्राउझर उघडत असेल, मध्येच गोठत असेल, आणि डिस्क शंभर टक्के दाखवूनही प्रत्यक्ष वाचन नगण्य असेल, तर हार्ड डिस्कचे काही भाग खराब होऊ लागले असून ती तेच वाचन पुन्हा पुन्हा करून पाहत असण्याची शक्यता असते. डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीत, जिला स्मार्ट म्हणतात, बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढताना दिसली तर आधी प्रोफाइलचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि तो संपूर्ण घ्यावा. फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड एका फाइलीत आणि ते उलगडणारी किल्ली दुसऱ्या फाइलीत असते, त्यामुळे यांपैकी एकच हाती आली तर पासवर्ड परत मिळत नाहीत.