सीबी-13 ची वही

दौंडजवळून वाहणारी भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आम्ही निघालोय तीही चंद्रभागाच, पण हिमाचलच्या लाहौलमधली. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांडीला मिळतात आणि पुढे चिनाब होतात. दोघींच्या मधल्या रांगेतल्या बऱ्याच शिखरांना नाव नाही, नुसता क्रमांक. आमचं सीबी-13, उंची 6264 मीटर.

तारखा बाजरीने ठरवल्या. आमच्या तुकडीतल्या शिरूरकडच्या दोघांची पेरणी जून-जुलैत, काढणी सप्टेंबरात. म्हणजे मधला ऑगस्ट. लाहौल पर्जन्यछायेत येतं, तिथे अडचण नाही. पण मनालीपर्यंतच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. दोन दिवस जादा धरलेत, ते काही झालं तरी कापायचे नाहीत.

झेलम एक्सप्रेस दौंडला थांबते, हे आपलं भाग्य. अंबाल्याला उतरायचं. रॉकेल, गॅस रेल्वेत चालत नाही, ते मनालीत घ्यायचं.

2020 पासून अटल बोगद्याने रोहतांग चढावा लागत नाही. सगळे म्हणतात सोय झाली. मला त्याचीच धास्ती वाटते. गाडीने एका दिवसात बातलला, चार हजार मीटरच्या आसपास, पोचता येतं आणि तिथेच डोकं धरून बसावं लागतं. म्हणून आधी मनाली, मग छत्रूला दोन मुक्काम. तीन हजारांच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, हे पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय.

सरावाला भुलेश्वराचा डोंगर दर रविवारी. पाठीवर पाण्याचे कॅन, वीस किलो. वर पोचलो की पाणी झाडांना घालायचं आणि रिकामी सॅक घेऊन उतरायचं, गुडघे वाचतात. पाय तयार होतात, फुप्फुसांची परीक्षा मात्र तिकडेच. साडेपाच हजार मीटरवर हवेत प्राणवायू इथल्या निम्म्यावर येतो.

शिधा अडतीवरच्या काट्यावर तोलला. बेस कॅम्पवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही. कुकर न्यायलाच हवा, जड असला तरी. वर भूक मरते. तिथे जीभ ओळखीचंच मागते, म्हणून शेंगदाण्याचे लाडू, कडक भाकरी, शेंगाची चटणी. भाकरीचा पहिला गठ्ठा प्रवासाच्या चाचणीत चुरा झाला. आता पत्र्याच्या डब्यात, मध्ये कागद घालून.

घोडनदीचा पूर आम्हाला कळतो: वर पाऊस झाला की खाली पाणी. तिकडचे नाले उन्हाने फुगतात. सकाळी गुडघाभर, दुपारी छातीएवढे. ओलांडायचं ते पहाटेच, बूट काढून, एकमेकांना धरून. चौघांनाही हे पटवायला अख्खी संध्याकाळ गेली, पण ती सार्थकी लागली.

आयएमएफचा, म्हणजे इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनचा, परवानगीचा अर्ज भरला. वैद्यकीय दाखले, शिखराची माहिती, प्रत्येकाचा अनुभव. आमच्यातल्या दोघांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स केलाय.

1998 मध्ये सुरेंद्र चव्हाणांनी एव्हरेस्ट गाठलं. 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठजण तिथे पोचले, 2019 मध्ये दहाजण कांचनजंगेवर. त्यांच्यापुढे आमचं शिखर लहान. पण आमच्या रांगेत कदाचित दुसरी तुकडी नसेल, कुणी लावलेला दोर नसेल, ग्रामफूच्या पुढे मोबाइलही लागणार नाही. कुणी पडला तर बातलपर्यंत आपणच उचलून आणायचा. त्यासाठी दोर आणि काठ्यांचं स्ट्रेचर बांधायचा सराव शाळेच्या मैदानात तीनदा झाला. सगळ्यात जड गडी मीच, म्हणून दरवेळी झोपायला मी.

परत फिरायची वेळ: दुपारी बारा. शिखर वीस पावलांवर असलं तरी. सगळ्यांनी सह्या केल्यात.

आईला नकाशा दाखवला. तिने विचारलं, तिकडच्या चंद्रभागेचं पाणी कसं असतं गं? म्हटलं, बर्फाचंच. तिने यादी ओढून घेतली आणि लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड खोडून पाच केले.