नारायणगावचा वीकेण्ड आणि झोपलेला सेल्फ

'वीकेण्डला कुठे गेला होतास?' असं सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं की मी नारायणगाव म्हणतो. पुढचा प्रश्न ठरलेला. 'तिथे काय आहे बघण्यासारखं?' आता काय सांगणार? माझं घर आहे तिथे! पण जुलैतल्या एका वीकेण्डला मी तिथे जे बघितलं, ते मात्र सांगायलाच हवं.

पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलं की चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. अंतर जेमतेम ७५ किलोमीटर, पण चाकणचं ट्रॅफिक तुमची सत्त्वपरीक्षा घेतं. मंचर सोडलं की हवा बदलते. जुलैत इकडे सगळीकडे टोमॅटो. २० किलोचा प्लॅस्टिकचा क्रेट हेच इथलं चलन. २०२३च्या जुलैत या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला, तेव्हा नारायणगाव देशभर गाजलं. एरवी कधीकधी तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, हे मात्र गाजत नाही.

आमच्या अण्णांचं सगळं गणित या क्रेटवर आणि त्यांच्या टाटा ४०७वर. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं. आमची गाडी त्यानंतरची, पण माझ्या नोकरीपेक्षा खूप जुनी. अण्णा ती कायम घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून लावतात. मला वाटायचं, असते एकेकाची सवय!

त्या शनिवारी उतारावर शेजाऱ्यांची ट्रॉली उभी होती, म्हणून गाडी अंगणात सपाटीला लागली. दुपारी मी हौसेने चावी फिरवली. 'टक.' पुन्हा फिरवली. पुन्हा नुसतंच 'टक.'

"बॅटरी गेली," मी एक्स्पर्टच्या थाटात जाहीर केलं.

"दिवे लाव," अण्णा म्हणाले. लख्ख लागले. "आता सेल्फ मार." दिवे जराही मंदावले नाहीत. "बॅटरी बरी आहे. सेल्फ झोपलाय. करंट आत जातच नाही."

तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "चार महिने झाले त्याला. उतारावरनं सोडतात, दुसऱ्या गिअरला चालू करतात. मार्केटला पोरं धक्का देतात. परवा कुणी नव्हतं, तर मला स्टिअरिंगला बसवून एकटेच ढकलत होते. दोन दिवस कंबर धरून निजले."

मी रोज फोन करतो. रोज उत्तर येतं, 'बरंय सगळं.'

"मला का नाही सांगितलं?"

"तू मीटिंगमध्ये असतोस," अण्णा म्हणाले. टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

मी लगेच मोबाइल काढला. नवा सेल्फ मागवू, विषय संपला! अण्णांनी हातानेच थांबवलं. "आधी उघडून तर बघू."

हे ते शिकले कुठे? तमाशात! नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तरुणपणी अण्णा एका फडाच्या ट्रकवर क्लीनर होते. आज या गावाला खेळ, उद्या त्या गावाला. गाडी रात्री बंद पडून चालायचंच नाही. मग कंदिलाच्या उजेडात सेल्फ उघडायचा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पण त्यासाठी इंजिन आधी कुणीतरी फिरवायला हवं. ते काम सेल्फचं. दोन-चार सेकंद फिरायचं आणि बाजूला व्हायचं. दिवसभराचा धंदा त्या दोन-चार सेकंदांवर!

चाकांना दगड लावले. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग मी गोणपाट अंथरून गाडीखाली. डोळ्यात माती, कोपराला ग्रीस. वायरी आणि बोल्ट सुटले, तसा सेल्फ दोन्ही हातांत जड येऊन बसला.

आत नुसती काळी भुकटी. कार्बन ब्रश झिजून एवढेसे उरलेले. स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर दाबूच शकत नव्हती. "हा हलवून बघ," अण्णांनी दांडा माझ्या हातात दिला. चांगलाच खेळत होता, म्हणजे बुशही गेलेला. "अजून महिनाभर चालवला असता, तर आर्मेचर घासून जळालं असतं."

नवे ब्रश आणि बुश हायवेवरच्या दुकानात मिळाले, नव्या सेल्फच्या मानाने किरकोळ पैशांत. ब्रशचं सोल्डरिंग शेजारच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने करून दिलं. घरी आल्यावर मी झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने कम्युटेटर घासत बसलो. काळा तांब्याचा रंग हळूहळू उजळला, तसं स्वतःच्या हाताचं कौतुक वाटायला लागलं. मग तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा साफ केल्या. बुश रात्रभर इंजिन ऑइलच्या वाटीत. तो तेल पितो आणि मग जपून जपून सोडतो. आईने वाटी कुठली घेतली म्हणून विचारलं. आम्ही दोघेही गप्प!

रविवारी जोडणी. बसवण्याआधी अंगणातच ट्रायल. "पायाखाली घट्ट दाब, नाहीतर उडी मारेल," अण्णा म्हणाले. केबल टेकवली आणि तो असा काही गरगरला की मी दचकलोच. मग गाडीवर चढवला. अण्णांनी चावी माझ्याकडे दिली. एकाच फिरवणीत इंजिन धडधडलं. अण्णा काही बोलले नाहीत. नुसता बॉनेटवर हात फिरवला आणि सोमवारच्या मालाचे क्रेट मोजायला गेले.

आता फोनवर मी 'कसं काय' विचारत नाही. विचारतो, "गाडी कुठे लावलीय?"

"सपाटीला," अण्णा म्हणतात. मग मला खरंच बरं वाटतं.

जायचं असेल तर : पुणे-नाशिक मार्गावरच्या एसटीने नारायणगाव गाठा. जवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जुन्नरचा शिवनेरीही हाकेच्या अंतरावर. तमाशाच्या राहुट्या बघायच्या असतील, तर पाडव्याच्या आधी जा. आणि घरी कुणी वडीलधारं असेल, तर निघताना त्यांच्या गाडीची चावी एकदा फिरवून बघा.