युसूफसाहेबांची दोन नावं

आमच्या मोहल्ल्यात कुणी दिलीपकुमार म्हटलं की जुनी माणसं हमखास दुरुस्ती करतात, ‘युसूफसाहेब म्हण.’ त्या दुरुस्तीत अभिमान असतो आणि थोडी खंतही. माझ्या अम्मीला त्यांचा ‘देवदास’ आवडायचा, मामूंना ‘राम और श्याम’. मला मात्र हा माणूस भेटला तो भाषेच्या वाटेनं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि लिहिते मराठीत, म्हणून असेल कदाचित.

मोहम्मद युसूफ खान यांचा जन्म 11 डिसेंबर 1922 रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजार भागात झाला. घरची बोली हिंदको, वडील गुलाम सरवर फळांचे व्यापारी. पण हा मुलगा शिकला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, बार्न्स स्कूलमध्ये. पुढे पुण्यात लष्कराच्या कॅन्टीनमध्ये राबला, सँडविच विकले. नंतर देविका राणी यांनी त्यांना बॉम्बे टॉकीजमध्ये घेतलं. उर्दू उत्तम असल्यामुळे सुरुवातीला त्यांनी कथा-पटकथा विभागातही मदत केली. 1944 मध्ये ‘ज्वार भाटा’ आला आणि पडद्यावर नाव झळकलं, दिलीपकुमार.

‘टीचर, इतने बडे आदमी को नाम क्यूँ बदलना पडा?’ असं एकदा वर्गातल्या मुलीनं विचारलं होतं. उत्तर सोपं नाही. सिनेमाला नौटंकी समजणाऱ्या वडिलांचा धाक हे एक कारण. शिवाय तो रिवाजच होता. कुमुदलाल गांगुली अशोककुमार झाले, मुमताज मधुबाला झाली, महजबीन मीनाकुमारी. पण बाजारात कोणतं नाव चालतं, हेही त्या रिवाजात होतंच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

नाव बदललं, तरी त्यांनी जबान सोडली नाही. 1960 चा ‘मुगल-ए-आझम’ पाहा. सलीमचं उर्दू किती ठहरावानं येतं! शब्दाआधीचा विरामसुद्धा बोलतो. लगेच 1961 मध्ये ‘गंगा जमुना’ आला आणि तोच नट धोतर नेसून ठेट अवधी वळणाची बोली बोलू लागला. ‘गंगा जमुना’चे संवाद वजाहत मिर्झांचे, ‘मुगल-ए-आझम’च्या चार संवादलेखकांतही ते होते. पेशावरच्या पठाणाला अवधी काही वारशात मिळाली नव्हती. ‘कोहिनूर’साठी त्यांनी सतारीवर बोटं झिजवली, तशीच ही बोलीही मेहनतीनं कमावली. मराठीही त्यांना येत होती. भाषा मेहनत करणाऱ्याची होते, हे मी बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा या सिनेमांतून अधिक शिकले. ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ असं कुणी नवलानं म्हणतं, तेव्हा मला ‘गंगा जमुना’ आठवतो.

त्यांच्या आयुष्याचा एक भाग आपल्याकडेही फारसा सांगितला जात नाही. 1990 च्या दशकात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीत शब्बीर अन्सारींसोबत ते उभे राहिले. कीर्तीच्या शिखरावरचा माणूस विणकर, बागवान, कसाई यांच्या हक्काबद्दल बोलू लागला. समाजातल्या जातींवर आपण पांघरूण घालतो. त्यांनी ते बाजूला केलं.

1998 मध्ये पाकिस्ताननं त्यांना निशान-ए-इम्तियाज दिला. 1999 मध्ये कारगिलचं युद्ध पेटलं तेव्हा तो परत करा म्हणून मुंबईत निदर्शनं झाली. पंचावन्न वर्षं पडद्यावर दिलीपकुमार असलेला माणूस एका दिवसात पुन्हा फक्त युसूफ खान ठरला. ते पंतप्रधान वाजपेयींना भेटले. पुरस्कार त्यांनी परत केला नाही. पुढे 2000 ते 2006 ते राज्यसभेत होते. 7 जुलै 2021 रोजी त्यांचं निधन झालं. तिरंग्यात लपेटलेला त्यांचा जनाजा शासकीय इतमामात जुहूच्या कब्रस्तानात गेला.

बदलीनंतर मी भाड्यानं खोली शोधत होते. फोनवर रिकामी असलेली खोली नाव सांगताच ‘आत्ताच गेली’. असं दोनदा झालं. त्यामुळे युसूफसाहेबांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. एवढंच वाटतं, की त्यांच्याकडे दोन नावं होती. माझ्या वर्गातल्या मुलींकडे एकच आहे, आणि त्याच नावानं त्यांना दार उघडलं गेलं पाहिजे.